भाडं महिन्याला, मदत वर्षाला

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या उदगीरला 'रूम पाहिजे' म्हणत लेकरं गल्लोगल्ली फिरायला लागतात. कुणी वाढवण्याचं, कुणी जळकोट-देवणीकडचं, कुणी मुखेडचं. कॉलेज इथं, घर तिकडं आणि वसतिगृहात जागा मोजक्या. मग तिघं-चौघं मिळून एक खोली करतात. ज्याच्या गावची एस.टी. वेळेवर असते त्याचा डबा गावाहून येतो, बाकीचे खोलीवरच खिचडी टाकतात. आमच्या वरच्या दोन खोल्या मी बरीच वर्षं अशाच मुलींना देते. त्या मला 'बाई' म्हणतात आणि मी त्यांच्या अभ्यासात नाक खुपसते. त्यामुळे भाडं देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोन्ही बाजू रोज डोळ्यापुढे असतात.

आपल्या भागात भाड्याची खरी अडचण रकमेइतकीच वेळेचीही आहे. शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो तो सोयाबीन विकल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमाराला. मग थोडा तुरीचा. कॉलेज मात्र पावसाळ्यात सुरू होतं आणि भाडं दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यायचं असतं. जून-जुलैत बापानं बी-बियाणं आणि खतालाच उसनवारी केलेली असते. त्यातच पोरीचं अनामत आणि पहिलं भाडं येतं. ज्यांना शेतीच नाही, रोजमजुरीवर पोट आहे, त्यांच्याकडे तर दिवाळीचाही भरवसा नसतो.

यावर सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, तर जेवण, राहणं आणि इतर खर्चाचे पैसे थेट त्याच्या खात्यात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर मोठ्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. सुरुवातीला तालुक्याची गावं यात नव्हती. पुढे तीही आली, आणि तिथे ३८ हजार ठरले. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. कल्पना अतिशय चांगली आहे. वसतिगृह बांधायला दहा वर्षं लागतात, मुलीचं कॉलेज तेवढं थांबत नाही.

आता जरा हिशेब करू. (गणिताची बाई नव्हते, मराठीची होते, पण एवढं येतं!) तालुक्याच्या ३८ हजारांत राहण्याचे १० हजार आहेत. बारा महिन्यांनी भागले तर महिन्याला ८३३ रुपये. तिघींनी मिळून खोली केली तर हे पैसे कामाचे आहेत. पण महिन्याच्या महिन्याला आले तर! घोडं तिथंच अडतं. अर्ज, छाननी, निधी, हप्ता असं करत पैसा येईपर्यंत वर्ष सरत येतं. स्वाधारची रक्कम थकली म्हणून विद्यार्थ्यांनी समाजकल्याण कार्यालयांपुढे आंदोलनं केल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्या आहेत. मधल्या काळात भाडं कुणी भरलं? बापानं, व्याजानं काढून. म्हणजे वर्षाअखेर येणारा पैसा भाड्याला लागतच नाही, तो सावकाराकडे जातो. आणि ज्या घराला उसनंही मिळत नाही, त्या घरची मुलगी दिवाळीच्या सुट्टीला गावी जाते ती परत येतच नाही. ती कुठल्या यादीत दिसत नाही, कारण तिनं अर्जच अर्ध्यावर सोडलेला असतो.

याच्या शेजारी मी माझी गोष्ट ठेवून बघते. नोकरीत असताना मला घरभाडे भत्ता मिळायचा. दर महिन्याला, पगाराच्या सोबत. सुरुवातीला भाड्याच्या घरात होतो, पुढे स्वतःचं घर झालं, तरी भत्ता चालूच राहिला. नियमच तसा आहे. सातव्या वेतन आयोगानं तर शहराच्या वर्गाप्रमाणे मूळ पगाराच्या २४, १६ आणि ८ टक्के असा तो ठरवून दिला. माझी त्याबद्दल तक्रार नाही, शिक्षकाला तो मिळालाच पाहिजे. (माझे शिक्षक भाचे-पुतणे हे वाचतात, त्यांनी लगेच रागावू नये!) पण पगारदाराच्या घरभाड्याचे पैसे पहिल्या तारखेला न चुकता येऊ शकतात, तर त्याच सरकारला मजुराच्या मुलीच्या ८३३ रुपयांची तारीख का पाळता येत नाही? पैसा वाटण्याची यंत्रणा नाही हे कारण मला तरी पटत नाही.

दुसरी अडचण कागदाची, आणि तिथे आम्ही घरमालकही गुंतलेलो आहोत. मुलीला अर्जासोबत भाड्यानं राहत असल्याचा पुरावा जोडावा लागतो. आपल्याकडे खोल्या तोंडी व्यवहारावर दिल्या जातात. कागद मागितला की मालक म्हणतो, "लिहून दिलं आणि उद्या खोलीच सोडली नाही तर?" ही भीती जुन्या भाडेकायद्यांच्या काळातली. आज लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, अमलात आला ३१ मार्च २००० रोजी. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ठरावीक मुदतीच्या परवान्याचा कागद उलट मालकालाच सांभाळतो. कागद न देऊन आपण स्वतःला वाचवत नाही, फक्त त्या लेकराचा अर्ज बाद करतो.

काही जण म्हणतील, बाई, अशानं बोगस अर्ज वाढतील. घरी राहून पैसे उचलतील. असे थोडे निघतीलही. पण योजनेत ७५ टक्के हजेरीची अट आहेच. आधी पैसे द्या, मग खोलीवर जाऊन तपासा, खोटं निघालं तर वसूल करा. शंभरातल्या चार लबाडांसाठी शहाण्णव जणांना वर्षभर ताटकळत ठेवायचं, हा कुठला न्याय? दुसरे म्हणतील, मदत वाढली की मालक भाडं वाढवतील. ही शंका खरी आहे. म्हणून वसतिगृहं वाढवणं हाच कायमचा इलाज. पण ती उभी राहीपर्यंत दरम्यानची सोय तर वेळेवर हवी.

श्रीमंत देशांनाही हा धडा ठेच लागूनच मिळाला. कोरोनाच्या काळात अमेरिकेनं भाडेकरूंसाठी दोन टप्प्यांत ४६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मंजूर केली. पण २०२१ च्या जुलैअखेर त्यातले सुमारे ५ अब्जच लोकांपर्यंत पोचले होते. कारण तेच, कागदपत्रं. शेवटी ऑगस्टमध्ये तिथल्या अर्थखात्यानं सांगितलं, भाडेकरूनं स्वतः लिहून दिलेलं निवेदन ग्राह्य धरा. आपल्याकडे १७ एप्रिल २०२० रोजी गृहनिर्माण विभागानं घरमालकांना किमान तीन महिने भाडं पुढे ढकला, कुणाला बाहेर काढू नका, असं सांगितलं होतं. सूचना माणुसकीची होती, पण ढकललेलं भाडं माफ होत नाही. ते पुढे कुणाला तरी भरावंच लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रवेश झाला की पहिला हप्ता त्याच महिन्यात द्या. नंतरचे पैसे महिन्याच्या महिन्याला खात्यात टाका. कराराऐवजी मुलीचं स्वतःचं निवेदन तात्पुरतं चालवून घ्या. रक्कम आहे तेवढीच राहिली तरी एवढ्यानं पुष्कळ फरक पडेल.

आणि आपल्यातल्या ज्यांच्या घरात भाडेकरू मुलं आहेत त्यांना एक विनंती. यंदा त्यांनी मागायच्या आधीच कागद करून द्या. तुमच्या गावात याचा काय अनुभव आहे, तेही जरूर कळवा.