कोऱ्या पानावर सही करू नका!

गावातल्या सर्व पालकांना, विशेषतः आयांना आवाहन

जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचं रजिस्टर घरोघर फिरतं. चौथीतलं पोरगं दारात उभं राहतं, "सरांनी सही मागितलीय." आई तव्यावरची भाकरी उलटते, हात पुसते आणि नावापुढे सही करते. ठराव लिहायची जागा कोरीच असते. न झालेली बैठक अशी कागदावर झालेली ठरते. हे बंद झालंच पाहिजे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला असायला हव्यात. वंचित घटकांतल्या पालकांनाही प्रमाणात जागा हवी. अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सचिव. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं, विकास आराखडा करणं आणि अनुदान कुठे खर्च झालं ते तपासणं ही समितीची कामं आहेत. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षातून वर्षाला २५ हजारांचं अनुदान ठरलेलं आहे, त्यातला दहावा हिस्सा तरी स्वच्छतेवर खर्चायचा. तरीही मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नसेल, तर समितीने जाब विचारलाच पाहिजे.

"आम्हाला काय कळतंय?" असं म्हणू नका. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ शिजायला हवा. रोज घरचा भात लावणारी बाई पातेल्यात डोकावून सांगेल, तेवढा शिजलाय की नाही.

अध्यक्ष बाई आणि बैठकीला तिचा नवरा, हा प्रकार आम्हाला मान्य नाही. शिक्षकांशी आमचं भांडण नाही. माहिती भरता भरता त्यांचा तास बुडतो, हे आम्ही पाहतो. ६० पर्यंत पट असेल तर प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळायलाच हवेत. दुसरी जागा रिकामी असेल तर ती भरून मागायला पालकांनीच पंचायत समितीत धडकायचं आहे.

येत्या पालकसभेत आधीच ठरवून आणलेली यादी वाचू देऊ नका. निवड सगळ्यांसमोर, हात वर करून होऊ द्या. मजुरीला जाणाऱ्या बायकांची नावं आधी सुचवा. बँकेचं पासबुक सभेत मोठ्याने वाचून घ्या. आणि दर महिन्याची बैठक खुरपणीच्या वेळात न ठेवता संध्याकाळी सातनंतर घ्यायची, हा ठराव त्याच दिवशी लिहून घ्या.

— आपल्याच शाळेतले काही पालक