कुंडींतील झाडें व फुलदाणींतील फुलें

मुळशी तालुक्यांतील जुन्या घरास परसदार असे, व परसांत तुळशीवृंदावन, जास्वंद, प्राजक्त, अनंत, एखादी कण्हेर एवढा परिवार बहुधा असावयाचाच. त्या झाडांची कोणी मुद्दाम निगा ठेवीत असे असें म्हणणें धाडसाचें होईल. मोरीचें पाणी अळवास व केळीस जाई, आणि बाकीचें सारें पाऊस व भूमि पाहून घेई. आतां भूगांव, पिरंगूट, हिंजवडी या बाजूस बहुमजली इमारती उठल्या, कुटुंबें तेथें राहावयास गेलीं, आणि परसदार चार हातांच्या सज्जांत येऊन बसलें. कुंडींतलें झाड पिंजऱ्यांतील पोपटाप्रमाणें सर्वस्वीं पराधीन असतें. हें ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ घरीं झाडें मरतात, आणि तहानेपेक्षां पाण्यानेंच अधिक मरतात.

मुळांस श्वासासाठीं हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळींत ती असते. ती पोकळी सतत पाण्यानें भरलेली राहिली म्हणजे मुळें गुदमरून कुजूं लागतात, कुजलेल्या मुळांस पाणी ओढतां येत नाहीं, पानें पिवळीं पडून माना टाकतात; आणि माना टाकलेल्या दिसल्या कीं कोणीतरी कळवळून आणखी एक तांब्या ओततें. एकत्र कुटुंबांत तर हा धोका तिप्पट. सकाळीं संध्या आटोपल्यावर आजोबा पाणी घालतात, कामावर जातांना सूनबाई घालतात, आणि तिन्हीसांजेस सासूबाईंना वाटतें कीं आज झाडें तशींच राहिलीं. म्हणून आमचें सांगणें असें कीं, झाडांचें पाणी घरांतील एकाच माणसाकडे सोंपवावें, व तें माणूस शक्य तर दहा-बारा वर्षांची नात किंवा नातू असावा. मुलें नेमाचीं पक्कीं असतात.

किती पाणी घालावें यास सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायांत उत्तर देऊन ठेविलें आहे: लावलेल्या वृक्षांस उन्हाळ्यांत सायंप्रातः, हिंवाळ्यांत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यांत भूमि सुकेल तेव्हां. यांतील तिसरें वचन सोन्याच्या मोलाचें आहे, कारण त्यांत पंचांग न पाहतां माती पाहावयास सांगितलें आहे. आमच्या तालुक्यास तें विशेष लागू पडतें. ताम्हिणीच्या अंगास पावसाळ्यांत कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पुण्याच्या अंगास त्याचा अल्प अंशच पडतो. एकाच तालुक्यांत दोन घरांस एक नियम कसा चालेल? बोट दोन पेरें मातींत खुपसावें. ओल लागली तर तांब्या खालीं ठेवावा. कुंडीच्या तळाचें छिद्र बुजलेलें नाहीं ना, हेंहि अधूनमधून पाहावें, आणि मातींत शेणखत व नारळाचा भुसा मिसळावा म्हणजे ती घट्ट बसत नाहीं.

पाण्याविषयीं आणखी एक शब्द. ज्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापटांनीं मुळशीचा सत्याग्रह चालविला, त्या धरणाचें पाणी सह्याद्रि उतरून कोंकणांत भिरा येथील वीजगृहाकडे जातें, आणि इकडे त्याच तालुक्यांतील नव्या इमारतींस चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते. अशा दिवसांत पिण्याचें पाणी झाडांस घालणें आम्हांस पटत नाहीं. तांदूळ-डाळ धुतलेलें पाणी कुंड्यांस उत्तम. मात्र मीठ पडलेलें किंवा साबणाचें नको.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही हा विषय मुख्यतः घेतला तिकडे वळूं. फरशी मळूं नये म्हणून कुंडीखालीं बशी ठेवण्याची चाल सर्वत्र आहे. त्या बशींत सांठणारें स्वच्छ, उथळ, सावलींतलें पाणी म्हणजे डेंग्यूचा डांस ज्या ईडिस जातींत मोडतो तिचें सूतिकागृहच होय. हा डांस गटारांत जात नाहीं. त्यास घरांतलेंच निवळ पाणी आवडतें, व तो दिवसा चावतो. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आपल्याकडील हवेंत त्यास आठ-दहा दिवस पुरतात. यावरून आठवड्यांतून एक वार ठरवून सर्व बशा रित्या कराव्या हें उघड आहे. परंतु नुसतें ओतून देणें पुरत नाहीं. मादी अंडीं पाण्यांत न घालतां पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेस चिकटविते, आणि तीं कोरड्यांत महिनोन् महिने तग धरून राहतात. पुन्हां पाणी चढलें कीं फुटतात. तेव्हां बशी काथ्यानें घांसून पुसली पाहिजे. हाच न्याय कांचेच्या बाटलींत वाढविलेल्या मनीप्लँटच्या वेलास. त्याचें पाणी नुसतें वरून भरीत राहणें हा आळस घरांतील लहान मुलांस तापानें फणफणवूं शकतो. आमच्या मतें बश्याच काढून टाकाव्या आणि कुंड्या विटांवर ठेवाव्या. फरशी मळली तर पुसतां येते.

रांगतें मूल असलेल्या घरीं कण्हेर, मग ती पिवळी असो कीं तांबडी, हातास लागेल अशी नसावी. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. मोठ्या ठिपक्यांच्या पानांचें डिफेनबाकिया नांवाचें शोभेचें झाडहि चावल्यास तोंड सुजवितें. शोभा उंचावर ठेवावी.

फुलदाणीचें शास्त्र निराळें. शेजारच्या मावळांतील तळेगांवीं पुष्पोद्यानें उभीं राहिल्यापासून, आणि मुळशींतहि हरितगृहें झाल्यापासून, गुलाब व जरबेरा हीं फुलें मध्यम स्थितींतल्या घरांतहि येऊं लागलीं. तोडलेलें फूल देंठांतील सूक्ष्म नळ्यांनीं पाणी ओढतें. देंठ हवेंत कापला कीं नळींत हवेचा बुडबुडा शिरतो व वाट अडते. म्हणून घरीं आणल्यावर देंठाचें टोंक पाण्यांत बुडवूनच धारदार चाकूनें तिरपें छाटावें. कात्रीनें देंठ चेपतो. पाण्यांत येणारीं पानें काढावीं, कारण तीं कुजून जंतु वाढतात, आणि तेहि नळ्या बुजवितात. एक लिटर पाण्यांत चहाचे दोन चमचे साखर व तितकाच लिंबाचा रस घातला असतां फुलास अन्न मिळून पाणी आंबटसर राहतें व सहज वर चढतें. मात्र साखर जंतूंसहि आवडते, तेव्हां पाणी एक दिवसाआड बदललेंच पाहिजे. जरबेऱ्याचा देंठ लवलवीत व पोकळ, तो खोल पाण्यांत सडतो. त्यास चार बोटें पाणी पुरे. निशिगंध खालून वर उमलत जातो, म्हणून खालचीं सुकलेलीं फुलें खुडीत गेलें कीं वरच्या कळ्यांस बळ येतें.

उन्हाळ्यांत आंब्याची आढी ज्या खोलींत असेल त्या खोलींत फुलदाणी ठेवूं नये. पिकणाऱ्या आंब्यांतून व केळ्यांतून एथिलीन नांवाचा वायु सुटतो. तो फळें पिकवितो आणि फुलांस म्हातारपण आणतो.

गुलाब सुकल्यावर त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद घालण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो करूं नये. शोभेच्या फुलांवर कीडनाशक औषधें फवारतात. तीं खाण्यासाठीं पिकविलेलीं नसतात. गुलकंदास आपल्या कुंडींतला देशी गुलाबच हवा.

पूजेच्या फुलांविषयीं शास्त्रानें पर्युषित, म्हणजे शिळीं, फुलें वर्ज्य मानलीं. तुळस व बेल यांस मात्र शिळेपणाचा दोष नाहीं. ज्या घरीं रोज बाजारांतून फुलांची पुडी येणें परवडत नाहीं त्या घरीं तुळशीची एक कुंडी आणि दारीं जास्वंद एवढ्यानें देवाचें चालतें, ही सोय जुन्यांनीं जाणूनच ठेविली असावी. निर्माल्य मुळेच्या पात्रांत सोडण्यापेक्षां त्यांतील दोरा व जर काढून तें मोठ्या कुंडींत सुक्या पानांबरोबर थर देऊन कुजवावें; तीन-चार महिन्यांत काळें, भुसभुशीत खत होतें व पुन्हां त्याच जास्वंदीस घालतां येतें.

सुटींत सर्व कुटुंब गांवीं जातांना शेजाऱ्यांवर भार घालण्यापेक्षां पुढील युक्ति करावी. पाण्याची बादली कुंड्यांपेक्षां उंच चौरंगावर ठेवून सुती दोरीचें एक टोंक बादलीच्या तळास व दुसरें कुंडीच्या मातींत चार बोटें पुरावें. दोरी पाणी शोषून थेंब थेंब पोंचविते. आठवडाभर झाडें हिरवीं राहतात. बादलीवर मात्र जुनें पातळ घट्ट बांधावें, नाहींतर परत येईपर्यंत बादलींत डांसांची पैदास होऊन बसेल.