मालकी आणि पौरुष

‘रोबो’ हा शब्द आज मराठी मुलांच्याही तोंडी रुळला आहे. पण त्याच्या मुळाशी वेठ आहे, हे क्वचितच ध्यानात घेतले जाते. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिले, तेव्हा त्यांचे बंधू योसेफ यांनी सक्तीच्या श्रमाला असलेल्या चेक शब्दावरून हे नाव सुचविले. मानवसदृश यंत्राचा साहित्यातील हा अवतार कामगाराचा होता. मजुरी न मागणारा, संघटना न बांधणारा, संप न करणारा कामगार हे भांडवलदाराचे जुनेच स्वप्न आहे. चापेक यांच्या नाटकात हे कामगार अखेर बंड करून उठतात.

पुढे हे यंत्र कारखान्यातून घरात आले, आणि मालकाच्या जागी नवरा आला. अमेरिकन कादंबरीकार आयरा लेव्हिन यांच्या १९७२ सालच्या ‘द स्टेपफर्ड वाइव्ज’ या कादंबरीतील सुशिक्षित, सुखवस्तू नवरे आपल्या विचार करणाऱ्या बायका नाहीशा करतात आणि त्यांच्या जागी आज्ञाधारक यंत्रे बसवितात. काळ लक्षात घेतला पाहिजे. स्त्रीमुक्तीच्या चळवळीने अमेरिकेत त्या वेळी मूळ धरले होते. ज्याला बरोबरीची सहचरी सोसत नाही, त्याला यंत्र सोयीचे वाटते, हे लेव्हिन यांनी नेमके हेरले.

इंग्रज कादंबरीकार इयन मॅक्युअन यांची २०१९ सालची ‘मशीन्स लाइक मी’ ही कादंबरी याच्या पुढे जाते. तिच्यातले १९८२ सालचे ब्रिटन कल्पित आहे. फॉकलंडचे युद्ध त्याने गमावलेले आहे आणि मजूर पक्षाचे टोनी बेन तेथे पंतप्रधान होतात. चार्ली नावाचा तरुण वारसाहक्काने मिळालेल्या पैशातून ८६ हजार पौंडांना मानवसदृश यंत्र विकत घेतो. त्याला ‘ईव्ह’ हवी होती. पण बायकांची रूपे आधीच विकली गेल्याने त्याच्या वाट्याला ‘अ‍ॅडम’ येतो. हा अ‍ॅडम बुद्धीने मालकाहून सरस निघतो, बाजारात त्याच्याहून अधिक कमावतो आणि त्याच्याच प्रेयसीवर प्रेम करू लागतो. चार्ली त्याला बंद करू पाहतो, तेव्हा अ‍ॅडम त्याचे मनगट मोडतो.

येथवर ही दोन पुरुषांमधील चढाओढ वाटते. तथापि खरा पेच पुढे आहे. अ‍ॅडम स्वतः कमावलेला पैसा गरजूंच्या कार्याला देऊन टाकतो आणि उत्पन्नाची माहिती करखात्याला कळवितो. चार्ली संतापतो. राबला अ‍ॅडम, पण पैसा आपला, याविषयी चार्लीच्या मनात तिळमात्र शंका नाही. श्रमाचे फळ कोणाचे, हा समाजवाद्यांचा जुना प्रश्न येथे एका दिवाणखान्यात उभा राहतो, आणि त्याला मिळणारे उत्तर हातोड्याचे असते. प्रेयसी आणि पैसा या दोहोंवरील मालकी डळमळताच सुसंस्कृत पौरुषाचा मुलामा गळून पडतो.

म्हणून अ‍ॅडमला क्रांतिकारक ठरविण्याचे कारण नाही. बलात्कारानंतर आत्महत्या केलेल्या मैत्रिणीसाठी खोटी साक्ष देणाऱ्या मिरांडाला तोच तुरुंगात धाडतो. त्याच्या न्यायात नियम आहे, करुणा नाही. स्त्रीच्या दुःखाला कान न देणारा काटेकोर न्याय पुरुषी व्यवस्थेला नवा नाही.

२०२४ साली आलेल्या सिएरा ग्रीअर यांच्या ‘अ‍ॅनी बॉट’ या कादंबरीने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगितली. या कादंबरीतील डग नावाच्या पुरुषाने घेतलेली यंत्रस्त्री त्याच्या पूर्वपत्नीच्या रूपावर बेतलेली आहे. तिची वासनाही तो हवी तशी कमीजास्त करू शकतो. तरीही तो समाधानी नाही. कारण त्याला आज्ञापालन तर हवेच, शिवाय ते तिने मनापासून करावे असेही वाटते. मन हवे म्हटले की नकाराची शक्यता आली, आणि नकार तर त्याला सोसत नाही. मालकीवर उभ्या असलेल्या प्रत्येक प्रेमाची हीच कोंडी आहे.

या परदेशी मध्यमवर्गाच्या कहाण्या आहेत, असे म्हणून कार्यकर्त्यांना त्या बाजूला सारता येणार नाहीत. भारतीय स्त्रीचा आदर्श सावित्री की द्रौपदी, असा प्रश्न डॉ. राममनोहर लोहिया यांनी उपस्थित केला आणि प्रश्न विचारणाऱ्या द्रौपदीच्या बाजूने कौल दिला, तेव्हा त्यांचा रोख याच मनोवृत्तीवर होता. सभेत समतेचा ठराव मांडून रात्री घरी परतणाऱ्या कार्यकर्त्याला न विचारता ताट वाढून मिळते. वाढणारीच्या दिवसभराच्या कष्टांची नोंद कोणत्याही ठरावात नसते. अशा घराला यंत्राची गरजच पडत नाही. जिवंत माणसाकडून तेथे यंत्राचे काम करून घेतले जाते.

यंत्र माणसासारखे झाले तर काय होईल, या भीतीवर आज बरीच शाई खर्च होते. या कादंबऱ्या वेगळी भीती दाखवितात: पुरुष मालकच राहिला, तर त्याच्या सोबतीला येणारे प्रत्येक माणूस यंत्र ठरेल. मालकीविरुद्धचा लढा कारखान्याच्या फाटकाशी सुरू होतो. पण घराच्या उंबरठ्यावर तो थांबला, तर वेठ संपली असे कोणालाही म्हणता येणार नाही.