मुका संगणक की बहिरा विभाग?

मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ घरोघरी पोहोचवली ती जी. एन. जोशींच्या ध्वनिमुद्रिकेने. त्याच बुलढाणा जिल्ह्यात आज वऱ्हाडी बोली कागदावरून शिकवली जाते. सबब एकच, ‘लिनक्सवर आवाज नीट येत नाही’. ही तक्रार एकेकाळी खरी होती. परंतु फेडोराने २०२१ साली स्वीकारलेल्या पाइपवायरमुळे कोणत्या प्रोग्रामचा आवाज कोणत्या स्पीकरकडे जावा, कोणत्या माइकवरून ध्वनिमुद्रण व्हावे, हे वापरणारा स्वतः ठरवू शकतो. पुष्कळदा चुकलेली असते ती केवळ उपकरणाची निवड. बोलीचा हेल छापता येत नाही, तो ऐकवावाच लागतो. एवढी निवड शिकून न घेणाऱ्या मराठी विभागांनी बोलींच्या ऱ्हासावर परिसंवाद भरवू नयेत, असे आम्ही स्पष्टच म्हणतो.