भाषेचें सोंवळें

मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु आमच्या सुशिक्षित घरांतून भाषेचें सोंवळें पूर्वीपासूनच कडक आहे. या मानानें त्यास नवें निमित्त न मिळो, एवढीच इच्छा. घरीं कामास येणारी बाई ‘पानी’ म्हणाली कीं मुलें हंसतात, आणि वडील मंडळी त्यांस आवरण्याऐवजीं स्वतःच हंसूं लागतात. शुद्ध बोलल्यानेंच माणसें एकमेकांस नीट समजतात, हा सिद्धान्त या हंसण्याच्या बुडाशीं आहे. आमच्या मतें तो साफ खोटा आहे.

‘मला वेदना होत आहेत’ असें शुद्ध वाक्य रोग्यानें उच्चारलें, तर वैद्यास त्यावरून काय कळणार? तोच रोगी घरगुती भाषेंत बोलला म्हणजे निदान निम्में झालेंच! गळवाचा ठणका निराळा, पाठींत भरणारी चमक निराळी, पोटांतला मुरडा निराळा आणि श्रमानें अंगांत आलेली रग निराळी. हे शब्द पंडितांनीं घडविले नाहींत, दुखणाऱ्यांनीं घडविले. ढिलाईचा आरोप जिच्यावर होतो ती बोलीच येथें काटेकोर ठरते.

दुसरें उदाहरण घ्या. घराबाहेर पडणारा मनुष्य ‘जातो’ न म्हणतां ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली असतां ती ‘वाढली’ असें आपण म्हणतों. कोशांत पाहून अर्थ लावणारा येथें फसेल. घरांत वाढलेलें पोर मात्र फसत नाहीं. समजणें हें केवळ शब्दाच्या शुद्धतेवर अवलंबून नसून, बोलणारा व ऐकणारा यांच्यांतील सहवासावर व आस्थेवर अवलंबून असतें.

‘तर मग व्याकरण बुडवावें काय?’ असें कोणी विचारील. मुळींच नाहीं. न्यायालयाचा निवाडा, शास्त्रीय ग्रंथ, सर्व प्रांतांत वाचावयाचें पुस्तक यांना एक प्रमाण हवें. पण तें प्रमाण आलें कोठून? एकोणिसाव्या शतकांत शालेय पुस्तकें तयार झालीं, तेव्हां पुण्याकडील शिक्षितांची बोली मुख्यत्वें पायाभूत धरली गेली. तीहि बोलीच होती! सोयीसाठीं घेतलेलें तें एक माप आहे. पायली धान्य मोजते. धान्याचा कस ठरवीत नाहीं.

इतिहासाची साक्षहि हीच आहे. महानुभाव पंथांत केशवराजांनीं संस्कृतांत रचना करण्याची इच्छा दाखविली, तेव्हां त्यामुळें साध्यासुध्या म्हाताऱ्या ज्ञानास मुकतील असें सांगून नागदेवाचार्यांनीं नकार दिला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमालें’त जोतीराव फुल्यांच्या व्याकरणाची थट्टा केली, पण १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत शेतकऱ्याच्या दैन्याचें जें निदान आहे, तें त्या थट्टेनें रेसभरहि हललें नाहीं. बहिणाबाई चौधरींस अक्षरओळख नव्हती. १९५१ सालीं त्या वारल्या आणि १९५२ सालीं त्यांचीं गाणीं छापून निघालीं. तीं खानदेशी बोलींत असूनहि उभ्या महाराष्ट्रास समजलीं. त्याच गाण्यांचें कौतुक करणारे आम्ही, तसेंच बोलणाऱ्या शेजारणीस मात्र अडाणी म्हणतों!

याचें फळ कोण भोगतो? ‘व्हतं’ म्हटल्याबद्दल वर्गांत ज्या मुलाचें हंसें झालें, तें पुन्हा हात वर करीत नाहीं. त्यास प्रश्नाचें उत्तर येत नव्हतें असें नव्हे. तें आईच्या शब्दांत येत होतें. त्या एका हंसण्यानें तें आपल्या आईची लाज धरावयास शिकतें, आणि त्यास काय ठाऊक आहे हें शिक्षकास कधींच कळत नाहीं. असल्या शुद्धीस शिक्षण म्हणणें ही शिक्षणाची विटंबना होय.

म्हणून आमचें आईबापांस व शिक्षकांस सांगणें आहे: मुलांस प्रमाणभाषा अवश्य शिकवा, पण परक्या बोलीस हंसूं देऊं नका. हंसलींच, तर त्यांनाच त्या बाईकडे पाठवा आणि तिच्या गांवीं पावसाला, पिकाला, दुखण्याला किती शब्द आहेत, हें विचारून यावयास सांगा. समजण्याचें अर्धें काम ऐकणाऱ्याचें असतें, आणि आमच्या वर्गानें तें फार दिवस टाळलें आहे.