गच्ची कुणाची, ऊन कुणाचं?

आमच्या अंधेरीच्या सोसायटीत गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे. एकेकाळी एप्रिल-मे महिन्यात तिथे कुरडया आणि पापड वाळायचे. आता टाकीत पाणी किती आहे ते पाहायला वॉचमन वर जातो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर गळती शोधायला आम्ही. गेल्या सर्वसाधारण सभेत याच गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विषय निघाला, दीड तास चालला आणि ठरावाविना संपला.

तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘मी लिफ्ट वापरत नाही, मी पैसे का भरू?’ सर्वांत वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, ‘तुम्ही स्लॅबला भोकं पाडणार आणि पाणी माझ्या बेडरूममध्ये येणार.’ या दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. पण सभेचा निकाल लावला तो तिसऱ्या वाक्याने: ‘अहो, रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग कशाला?’ हे ‘होणारच आहे’ मी गेली आठ वर्षं ऐकतो आहे.

बँकेत इतरांचे कर्जाचे अर्ज तपासण्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळे म्हणा, घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आधी यंत्र समजून घेऊ. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर ऊन पडलं की तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज वाहू लागते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ साली सिलिकॉनचा पहिला कामाचा सेल दाखवला, तेव्हा तो उन्हातली जेमतेम ६ टक्के ऊर्जा विजेत उतरवत असे. आज बाजारातली चांगली पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. ही वीज डीसी असते, आपली उपकरणं एसी मागतात, म्हणून मधे इन्व्हर्टर लागतो. दिवसा पंप-लिफ्ट चालवून उरलेली वीज कंपनीच्या तारांत जाते आणि रात्री आपण तिथूनच घेतो. नेट मीटर म्हणजे या व्यवहाराचं पासबुक, जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला. अंधेरी-बोरिवलीत वीज अदानीची किंवा टाटांची असो, मुलुंडला महावितरणची असो, राज्य वीज नियामक आयोगाचे २०१९ चे नियम सगळ्यांना लागू आहेत. मे महिन्यात जास्त झालेली युनिटं जुलै-ऑगस्टच्या काळोख्या दिवसांत वापरता येतात. आर्थिक वर्ष संपताना जी शिल्लक राहील तिचे पैसे कंपनी देते, पण आपण मोजतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. तेव्हा हौसेने मोठा प्रकल्प उभारण्यात अर्थ नाही. शिवाय मंजूर भारापेक्षा मोठा प्रकल्प बसवताही येत नाही.

आता हिशेब. एका किलोवॉटला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. आमच्या २८ फ्लॅटच्या इमारतीचा लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे हा सामायिक भार धरून मी १० किलोवॉटचा विचार केला, म्हणजे १,००० चौरस फूट. टाकीची सावली आणि शेजारच्या टॉवरची सावली वगळून तेवढी जागा मिळते, हे मी स्वतः सकाळ-दुपार-संध्याकाळ वर जाऊन पाहिलं. (किल्लीसाठी तीनदा बेल वाजवल्याबद्दल सेक्रेटरींची क्षमा.) उंच सांगाड्यासह किलोवॉटला ६०,००० रुपये धरले तर खर्च ६ लाख. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. ते १,८०,००० रुपये झाले. उरले ४,२०,०००, म्हणजे फ्लॅटमागे १५,०००. मात्र अनुदान मागाहून येतं आणि त्यासाठी देशी सेलचीच पॅनेल लागतात, हे आधी सांगून टाकलेलं बरं. वर्षाला साधारण १३,००० युनिटं मिळतील. सामायिक मीटरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, म्हणून युनिटला ११ रुपये वाचतात असं समजू. १,४३,००० रुपये झाले. त्यातून धुलाई, विमा आणि कबुतरांसाठी जाळी असे २०,००० वजा करा. साडेतीन वर्षांच्या आत पैसे फिटतात. पॅनेल २५ वर्षं टिकतात. इन्व्हर्टर मात्र आठ-दहा वर्षांत बदलावा लागतो, ती तरतूद आतापासून करावी. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी मंजूर केला असता.

सभेत एकाने १२ ऑक्टोबर २०२० ची आठवण काढली. त्या दिवशी मुंबईभर वीज गेली होती. ‘तसं झालं तर आपले दिवे चालू राहतील ना?’ नाही राहणार. बाहेरची वीज गेली की हा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, कारण एरवी आपली वीज तारेत शिरून खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. दिवे हवे असतील तर बॅटरी हवी, आणि बॅटरी आली की वरचा हिशेब बिघडतो.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं मान्याची वाडी हे गाव २०२४ मध्ये सगळंच्या सगळं सौर विजेवर गेलं. तिथे प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे. आमच्या उपनगरांत छप्पर २८ जणांचं असतं आणि निर्णय घेताना ते कुणाचंच नसतं. पॅनेल नटबोल्टवर बसतात, ती सोडवून नव्या इमारतीवर नेता येतात. मोडणी-जोडणीचा खर्च येईल, पण तोवर मुद्दल फिटलेलं असेल. आमच्या बिल्डरबरोबरच्या वाटाघाटी साडेतीन वर्षांत संपतील यावर पैज लावायला मी तयार नाही.

राहता राहिल्या आजी. त्यांच्या नळाचं पाणीही तोच पंप वर चढवतो, हे त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. तरी त्यांच्यासारख्या पेन्शनवर जगणाऱ्यांकडून एकरकमी वर्गणी मागू नये, असं मला वाटतं. सोसायटीने कर्ज काढावं आणि वाचलेल्या बिलातून हप्ते भरावेत. वरच्या मजल्याची भीती तर अगदी रास्त आहे. भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो, पण मे २०२१ चं तौक्ते वादळ ज्यांनी पाहिलं त्यांनी त्या ठोकळ्यांचं वजन इंजिनियरकडून लिहून घ्यावं.

पुढच्या सभेच्या नोटिशीत गच्चीची गळती तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि सौर पॅनेल सातव्या. दोन्ही विषय एकत्र घ्यावेत, आधी वॉटरप्रूफिंग, मग पॅनेल, आणि दोन्ही ठेकेदारांना एकाच दिवशी गच्चीवर बोलवावं, अशी चिठ्ठी मी सेक्रेटरींना दिली आहे. त्यांनी ती घडी घालून किल्लीच्या डब्यात ठेवली.