फिल्म एक, थर अनेक

चांदवड तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबाच्या कानावर ‘फिल्म’ हा शब्द किती ठिकाणी पडतो, हे मोजून पाहण्यासारखे आहे. शेततळ्यात अंथरायच्या प्लास्टिकला घरात सगळे ‘कागद’ म्हणतात, पण कंपनीच्या पत्रकात त्याचे नाव फिल्म असते. भाजीपाल्याच्या वाफ्यावरचा मल्चिंग पेपर हीसुद्धा फिल्मच. दवाखान्यात डॉक्टर छातीची फिल्म मागतात, गोळ्यांच्या पाकिटावर ‘फिल्म कोटेड’ असे छापलेले असते आणि तापाच्या रुग्णाच्या बोटातला रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला की प्रयोगशाळेच्या भाषेत त्याचीही फिल्म होते. दातांचे डॉक्टर ‘बायोफिल्म’ म्हणतात, डोळ्यांचे डॉक्टर ‘टिअर फिल्म’. रात्री जेवणानंतर मोबाइलवर पाहिली जाते, ती फिल्म तर सगळ्यांच्याच ओळखीची.

या सगळ्या वस्तूंना एका धाग्यात बांधणारी गोष्ट म्हणजे पातळपणा. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ पातळ कातडी, पापुद्रा असा होता. पुढे छायाचित्रणात पारदर्शक पट्टीवर चांदीच्या क्षारांचा थर देऊन त्यावर चित्र टिपले जाऊ लागले आणि हे नाव त्या पट्टीला चिकटले. पट्टीवरून ते चित्रपटावर गेले. नाशिक जिल्ह्याला हा इतिहास परका नाही. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्यासाठी लागणाऱ्या पट्टीला कडेची भोके पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. एक्स-रेची फिल्म याच कुळातली. तिच्यावरचा थरही चांदीच्या क्षारांचाच.

एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा काही दोष नव्हे. अडचण आरोग्याचा प्रश्न आला की सुरू होते. कारण थर म्हटला की त्याचे पुढे काय करायचे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. एक थर जपायचा असतो, दुसरा घासून काढायचा असतो, तिसऱ्यापासून चार हात लांब राहायचे असते. ‘फिल्म’ या शब्दातून यातले काहीच कळत नाही. घरातल्या मराठीतून मात्र कळते. साय जपून काढायची, तवंग दिसला की पाणी प्यायचे नाही, कांद्याचा पापुद्रा सोलायचा, दातांवरचे कीटण खरवडायचे, शेवाळावर पाय जपून टाकायचा. प्रत्येक शब्द वस्तूबरोबर वागणूकही सांगतो. म्हणूनच लोकांना आरोग्याची माहिती देताना थर कसला, तो कशावर आहे आणि त्याचे काय करायचे, एवढे तरी स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

जपायचे थर

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा अवघा काही मायक्रॉन जाडीचा थर असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या थरात खाली चिकट द्रव, मध्ये पाणी आणि वर तेलाचा पातळ लेप असतो. तेलामुळे पाणी लवकर उडून जात नाही आणि पापणी मिटली की थर पुन्हा सारखा पसरतो. कांदा चिरताना त्यातून सुटणारा वायू याच थरात विरघळून झोंबतो आणि तो धुऊन काढायला डोळे भरून येतात. मोबाइलकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात आणि हा थर मध्येच तुटतो. मग डोळ्यांत खडा गेल्यासारखे टोचते, कधी उलट पाणीही वाहते. अशा रुग्णाला ‘टिअर फिल्म अस्थिर आहे’ म्हटले तर तो गोंधळतो. ‘डोळ्यांवरचा ओलावा टिकत नाही’ म्हटले की पापण्या वारंवार का मिटायच्या आणि पंख्याचा झोत तोंडावर का घ्यायचा नाही, हे त्याला आपोआप उमगते.

घरचा शब्दही कधी फसवतो, हे मान्य करायला हवे. मोतीबिंदूला अनेक जण ‘डोळ्यावर पडळ आले’ म्हणतात. पडळ म्हटले की ते वरून पुसता येईल किंवा थेंब घालून विरघळेल, असे वाटते. मोतीबिंदू हा वर चढलेला थर नाही; डोळ्याच्या आतले भिंगच गढूळ झालेले असते. थेंबांनी ते स्वच्छ होत नाही, शस्त्रक्रिया करून बदलावे लागते. तेव्हा शब्द मराठी आहे की इंग्रजी, हा मुद्दा दुसरा. त्यातून बरोबर चित्र उभे राहते का, हा पहिला.

गोळीवरचा लेप हा जपायचा दुसरा थर. काही गोळ्यांवर तो केवळ कडू चव झाकण्यासाठी असतो. काहींवर मात्र औषध जठरातल्या आम्लात नष्ट होऊ नये किंवा त्याने पोटाला त्रास होऊ नये म्हणून असतो. अशी गोळी आतड्यात गेल्यावर विरघळते. आणखी काही गोळ्यांत औषध दिवसभर थोडे थोडे सुटावे अशी योजना असते. घरातल्या वृद्धांना गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून दुधातून देण्याची पद्धत सर्रास आहे. शेवटच्या प्रकारची गोळी कुटली तर दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाऊ शकते. पाकिटावरचे ‘फिल्म कोटेड’ हे शब्द वाचून हा फरक समजण्याचा काहीच मार्ग नाही. ‘ही गोळी तोडायची किंवा कुटायची नाही’ हे वाक्य औषध विक्रेत्याने पाकिटावर पेनाने लिहिले, तरी मोठे काम होईल.

खरवडायचे थर

बायोफिल्म म्हणजे जिवाणूंनी एखाद्या पृष्ठभागाला चिकटून, स्वतःभोवती चिकट द्रव्य तयार करून बांधलेली वस्ती. दातांवर रात्रीतून जमणारा मऊ थर ही तिची रोजची ओळख. तो वेळीच घासला नाही तर कडक होऊन त्याचे कीटण बनते आणि मग ते दवाखान्यातच काढावे लागते. नुसत्या चुळा भरून तो जात नाही, कारण चिकट आवरणामुळे औषधी द्रव आतल्या जिवाणूंपर्यंत नीट पोहोचत नाही. रुग्णाच्या शरीरात बसवलेल्या नळ्यांवर असा थर धरला की प्रतिजैविकेही कमी पडतात आणि अनेकदा नळी बदलावी लागते.

पाण्याच्या टाकीत आणि हंड्यातही हेच घडते. चांदवडसारख्या टंचाईच्या तालुक्यात पाणी साठवून वापरणे ही हौस नाही, गरज आहे. भांड्याच्या आतला बुळबुळीतपणा तसाच ठेवून वरून टीसीएल पावडर किंवा क्लोरीनचे थेंब टाकले, तर त्यातला बराच भाग त्या थराशीच झुंजण्यात संपतो. आधी घासणे, मग धुणे आणि मगच औषध, हा क्रम महत्त्वाचा. ‘बायोफिल्म नियंत्रण’ असा मथळा असलेल्या पत्रकापेक्षा ‘भांडे आतून बुळबुळीत लागले तर घासल्याशिवाय भरू नका’ ही एक ओळ जास्त घरांत पोहोचेल.

फिल्म सांगते तेवढेच

‘फिल्म नॉर्मल आली’ या वाक्यात आणखी एक धोका लपलेला आहे. एक्स-रेची फिल्म म्हणजे शरीरातून आरपार गेलेल्या किरणांची सावली. हाडाची बारीक चीर पहिल्या काही दिवसांत तिच्यावर न दिसणे शक्य असते. म्हणून मनगट दुखतच राहिले तर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. क्षयरोगाचेही तसेच. छातीच्या फोटोवरून संशय येतो, पण खात्री करण्यासाठी थुंकीची तपासणी लागते. शिवाय क्षयरोग फुप्फुसांबाहेर असेल तर छातीचा फोटो स्वच्छही दिसू शकतो.

रक्ताच्या काचपट्टीचे गणितही वेगळे नाही. मलेरियासाठी एक जाड थर देतात आणि एक पातळ. जाड थरात जास्त रक्त तपासले जाते, म्हणून परजीवी आहेत का हे कळते. पातळ थरात ते कोणत्या जातीचे आहेत हे ओळखता येते. एका वेळी परजीवी दिसले नाहीत म्हणून मलेरिया नाहीच, असे ठरत नाही. ताप चालू असेल तर तपासणी पुन्हा करावी लागते. रुग्णाला मात्र ‘फिल्म निगेटिव्ह’ एवढेच ऐकू येते आणि तो निश्चिंत होऊन घरी जातो.

जिवावर उठणारा थर

सर्वात जास्त किंमत मोजावी लागते ती शेततळ्यावर. पावसाचा भरवसा नसलेल्या भागात डाळिंब, द्राक्षे आणि कांदा जगवण्यासाठी शेततळ्यांनी मोठा आधार दिला आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणल्यावर ती आणखी वाढली. पाणी जमिनीत मुरू नये म्हणून त्यांत साधारण ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा कागद अंथरतात. त्यातले पाणी उन्हाळ्यात पिकाला वाचवते आणि त्याच काठावर दरवर्षी मुले, बाया, शेतमजूर बुडाल्याच्या बातम्या येतात.

कारण साधे आहे. प्लास्टिक मुळात गुळगुळीत, त्यात ओले. काही आठवड्यांत पाण्याच्या रेषेलगत त्यावर जिवाणू आणि शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो. म्हणजे फिल्मवर बायोफिल्म चढते. उतार तीव्र असतो आणि हाताला धरायला दगड, मूळ, कपार काहीही नसते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ गाठता येतो, पण वर चढता येत नाही. चढण्याची धडपड करता करता दम संपतो. वाचवायला उतरलेला माणूसही त्याच उतारावरून घसरतो, म्हणून एका घरातले दोघे-तिघे एकदम गेल्याचे वाचायला मिळते. विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हा धोका ओळखीचा नसतो, कारण विहिरीला कपार असते, पायऱ्या असतात.

यावरचा उपाय खर्चिक नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर, वर पक्क्या खुंट्याला बांधून थेट पाण्यात सोडलेले. हवा भरलेली एखादी ट्यूब सतत तरंगत ठेवलेली. भोवती कुंपण आणि त्याला कडी. कोणी पडलेच तर उडी न मारता आधी दोर, साडी किंवा पाइप फेकायचा, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेले. कागदावर होणाऱ्या खर्चापुढे दोराचा खर्च किरकोळ आहे. शेततळ्याला अनुदान देताना अस्तरीकरणाचे माप जसे तपासले जाते, तसे हे दोरही तपासले जावेत, ही मागणी गैरवाजवी म्हणता येणार नाही.

डॉक्टरांनी आपसात, अभियंत्यांनी आराखड्यात ‘फिल्म’ म्हणावे. त्याला कोणाची हरकत नसावी. तिच्या जागी ‘जैवपटल’ किंवा ‘अश्रुपटल’ असे जड शब्द आणूनही काही साधणार नाही, कारण तेही काय करायचे ते सांगत नाहीत. आरोग्य केंद्राची भिंत, औषधाचे पाकीट आणि शेततळ्याचे कुंपण या तीन जागी मात्र लोकांच्या तोंडातला शब्दच हवा. कुंपणावरच्या फलकावर ‘सावधान’ एवढेच लिहिण्यापेक्षा ‘कागद बुळबुळीत आहे, पोहता येत असले तरी वर चढता येणार नाही’ असे लिहिले, तर शाळेतून परतताना पाण्यात उतरू पाहणारा पोरगा निदान एकदा थांबेल.